उत्तरेकडील सैन्यसरावांच्या पूर्वसूचना : एक परीक्षण

फौजेच्या हजेरीपटावर आंकडा लिहिलेला आहे, एवढ्यावरून तितके स्वार मैदानावर होतेच असें कोणीहि जाणता संशोधक धरून चालत नाहीं. पट कोणीं लिहिला, कोणास दाखविण्यासाठीं लिहिला व कोणास गणतींतून वगळण्यांत लिहिणाराचा लाभ होता, हें तो आधीं पाहतो. तीच कसोटी आपल्या काळांतील एका कागदास लावण्याचा येथें विचार आहे. हा कागद म्हणजे यूरोपांतील राष्ट्रांनीं मोठ्या सैन्यसरावापूर्वीं परस्परांस द्यावयाची सूचना. आणि त्यांतहि नॉर्वेच्या हिमप्रदेशांत अनेक राष्ट्रांच्या फौजा मिळून जे सराव करितात त्यांसंबंधीची.

या सूचनेचा उगम १९७५ च्या हेलसिंकी येथील करारांत आहे. त्यांत पंचवीस हजारांहून अधिक सैन्य जमावयाचें असल्यास २१ दिवस आधीं कळवावें असें ठरलें. १९८३ च्या नोव्हेंबरांत पाश्चात्य राष्ट्रांच्या ‘एबल आर्चर’ नामक सरावाच्या वेळीं सोविएत पक्षानें आपलीं कांहीं विमानदळें सज्ज केलीं होतीं, हें पुढें खुल्या झालेल्या कागदांवरून दिसून आलें. सरावाचा अर्थ चुकीचा लाविला जाणें ही केवळ कल्पनेंतील भीति नव्हे. १९८६ त स्टॉकहोम येथें मर्यादा १३,००० वर आणून मुदत ४२ दिवसांची केली. १९९० पासून व्हिएन्ना येथें हीं कलमें पुनःपुन्हां सुधारलीं गेलीं. २०११ च्या पाठांत ९,००० सैनिकांस सूचना व १३,००० सैनिकांस परकीय निरीक्षकांचें निमंत्रण अशी मर्यादा आहे.

या कसोटीस २०२२ च्या हिंवाळ्यांतील दोन सराव शेजारीं ठेवून पाहावे. नॉर्वेंत १४ मार्च ते १ एप्रिल या काळांत झालेल्या ‘कोल्ड रिस्पॉन्स’मध्यें २७ राष्ट्रांचे सुमारें ३०,००० लोक होते. आंकडा आधींच जाहीर झाला व रशियासहि निरीक्षक पाठविण्याचें निमंत्रण गेलें. तें त्यानें नाकारिलें. याच्या किंचित् आधीं, १० ते २० फेब्रुवारी या काळांत, रशिया व बेलारूस यांचा संयुक्त सराव बेलारूसमध्यें झाला. त्याचें सैन्य मर्यादेच्या आंत असल्याचें सांगण्यांत आलें. नाटोचा अंदाज मात्र एकट्या रशियाचेच सुमारें ३०,००० लोक असा होता. मुदत संपली तरी फौज परतली नाहीं, आणि २४ फेब्रुवारीस तीच भूमि युक्रेनवरील स्वारीचें एक प्रस्थानस्थान झाली. कागद खोटा असला म्हणजे त्याची किंमत कोणास मोजावी लागते, हें यावरून कळावें.

तथापि एका पक्षाच्या कागदास खोटा म्हणून दुसऱ्याचा कागद पूर्ण मानणें, ही परीक्षकाची चूक ठरेल. उत्तरेकडील सूचनांतहि छिद्रें आहेत. पहिलें, आरमार. जमिनीवरील सरावाशीं संबंध असेल तरच समुद्रांतील हालचाल या कलमांच्या कक्षेंत येते. २०१८ च्या ‘ट्रायडंट जंक्चर’मध्यें ३१ राष्ट्रांचे सुमारें ५०,००० लोक, २५० विमानें व ६५ जहाजें होतीं, रशिया व बेलारूस यांचे निरीक्षकहि तेथें आले होते. पण कोला द्वीपकल्पांतील पाणबुड्यांमुळें उत्तरेंत खरें वजन समुद्राचें आहे, आणि नेमकें तेथेंच सूचनेचें बळ क्षीण होतें. दुसरें, अचानक सराव. सैनिकांसच आधीं कळविलें नसेल, तर शेजाऱ्यासहि आधीं कळविण्याचें बंधन राहत नाहीं. २०१३ पासून रशियानें या मार्गाचा पुष्कळ उपयोग केला. तिसरें, मर्यादेलगतचे आंकडे. २०१७ च्या ‘झापाद’ सरावाचा जाहीर आंकडा १२,७०० होता. तेरा हजारांच्या इतक्या जवळचा आंकडा पाहून सावध होणार नाहीं असा परीक्षक विरळाच.

मग विश्वास कोठें ठेवावा? प्रस्तुत लेखकाच्या मतें, जो कागद लिहिणाऱ्यासच गैरसोयीचा आहे त्यावर. ‘ट्रायडंट जंक्चर’ संपल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, ८ नोव्हेंबर २०१८ रोजीं पहाटे, नॉर्वेची ‘हेल्गे इंग्स्टाड’ ही युद्धनौका ‘सोला टीएस’ या तेलवाहू जहाजावर आदळली व पुढें बुडाली. तिचें ओळख सांगणारें यंत्र त्या वेळीं केवळ इतरांचे संकेत घेत होतें, स्वतःचे देत नव्हतें. नॉर्वेच्या अपघात-चौकशी मंडळानें २०१९ व २०२१ सालीं आपले अहवाल छापून आरमाराचे दोष जगापुढें मांडिले. सरावाच्या गौरवार्थ निघालेल्या पत्रकांहून हा अहवाल इतिहासास शतपट मोलाचा आहे.

सूचना हा साक्षीचा आरंभ होय, शेवट नव्हे. तिच्या जोडीस निरीक्षकांचीं टिपणें व चौकशीचे अहवाल एकत्र राखले जावेत, व समुद्रासहि कलमांत पूर्ण स्थान मिळावें. असें झाल्याविना या कागदांस अव्वल साधन म्हणणें म्हणजे पटावरील स्वार मोजून लढाईचा निकाल लिहिण्यासारखें होईल.