नांगराच्या पुढचं पान

किर्लोस्करांची गोष्ट तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर कधीतरी आली असेल. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवणाऱ्या लक्ष्मणरावांची बढती हुकते, ते बेळगावला येतात, भावाबरोबर सायकली विकतात आणि १९०३मध्ये लोखंडी नांगर बनवतात. लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी हात लावत नाहीत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं जातात. १९१०मध्ये औंध संस्थानात निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहते. मग पार्श्वसंगीत.

गोष्ट खोटी नाही. ती भलत्या जागी संपते, एवढीच माझी तक्रार. घराण्याचा पसारा वाढला तो ‘नांगरानंतर काय?’ या प्रश्नातून. नांगरणाऱ्यालाच पाणी लागतं, म्हणून पंप. पंपाला ताकद लागते, म्हणून १९४६मध्ये पुण्यात ऑइल इंजिनं आणि त्याच वर्षी बंगळूरला विजेच्या मोटारी. गिऱ्हाईक तेच, माल नवा. मला तरी हे नांगराच्या चिकाटीपेक्षा जास्त थरारक वाटतं.

त्यात एक फांदी अगदीच आडवी फुटली. मालाची माहिती द्यायला १९२०मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’मधून ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’. वाङ्मयाच्या इतिहासात मासिकं येतात, उद्योगाच्या गोष्टीत नांगर. जणू ही दोन वेगळी घराणी होती!

शंतनुरावांनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘कॅक्टस अँड रोझेस’. काटे नावातच होते. पुढे सांगणाऱ्यांनी गुलाब तेवढे ठेवले. २००९मध्ये कुटुंबात करार झाला आणि त्यावरून भावांमधला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे रीलमध्ये कुठून येणार?

मला हे टोचतं त्याला कारण आहे. आमचं तालुक्याच्या गावी मोटारी भरून द्यायचं दुकान. काकांना ठिबकचं सामान ठेवायचं होतं, बाबांना नको होतं. वर्षभर घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी मधे भिंत आली, एका शटरची दोन झाली. त्याच दिवाळीत मला कुणीतरी एका उद्योजकाचं चरित्र भेट दिलं. मी अधाशासारखं वाचलं. नवा धंदा घ्यायचा की नाही हे घरात कोण ठरवतं? नाही म्हणणाऱ्या भावाचं काय करायचं? आईला, काकूला कुणी विचारतं का? तीनशे पानांत उत्तर एकच होतं : जिद्द. जिद्द तर आमच्याकडे दोघांकडेही होती. भिंत तिच्यामुळेच आली.

आता बाबांकडे मोटार टाकायला आलेला शेतकरी ती होईपर्यंत शेजारी जातो आणि काकांना नळीचा भाव विचारतो.