पायरीवरचा भक्त

'भक्त' हा शब्द मराठी ख्रिस्ती वाचकाला परका नाही. आपल्या प्रार्थनांत आणि गीतांत तो केव्हाच रुळला आहे. मात्र हिंदू परंपरेत त्याचा अर्थ काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. 'भज्' या धातूत सेवा करण्याबरोबर वाटा घेण्याचाही अर्थ आहे. म्हणजे भक्त हा केवळ याचक नव्हे, तो वाटेकरी आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी व ज्ञानी असे चार भक्त सांगितले आहेत. त्यांत ज्ञानी श्रेष्ठ मानला असला, तरी उरलेल्या तिघांना अव्हेरलेले नाही. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे येतात, त्यांचा आरंभच कोणाचाही द्वेष न करण्याने होतो.

या व्याख्येची खरी कसोटी आम्हांला चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांच्या अभंगांत दिसते. विठ्ठलाशी त्यांचे नाते अतिशय जवळचे. पण त्या काळच्या शिवाशिवीने त्यांना देवळाबाहेरच ठेवले. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून त्यांचा अंत झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वारापाशी समाधी दिली, असे परंपरा सांगते. हे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली.

चोखोबांच्या रचनांत दोन सूर आहेत. एक सूर शरणागतीचा. त्यात हीन मानलेल्या जन्माचे कारण पूर्वकर्मात शोधलेले आढळते. दुसरा सूर विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारतो. त्यांचे पुत्र कर्ममेळा यांच्या अभंगांत तर देवाला उघड जाब विचारलेला आहे. केवळ पहिला सूर ऐकून भक्ती म्हणजे निमूट सोसणे, असे ठरवणारा वाचक अर्धेच वाचतो. स्तोत्रसंहिता आणि ईयोबाचा ग्रंथ वाचणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. देवाशी भांडतो तो भक्तच असतो. ज्याचा विश्वास उरला नाही, तो भांडत नाही.

तथापि एवढ्याने समाधान मानणे बरे नव्हे. डॉ. आंबेडकरांनी १९४८ चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. पण १९५६ साली त्यांनी मार्ग निवडला तो बुद्धाचा. देवापुढची समता गावात उतरली नाही, हा भक्तिपरंपरेवरील आक्षेप आम्हांला रास्त वाटतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'नॉस्त्रा एताते' या जाहीरनाम्यात, प्रेमाने व विश्वासाने ईश्वराचा आश्रय घेणाऱ्या हिंदू साधकांचा आदराने उल्लेख केला. तो आदर आपला व्हावा. परंतु पायरीवरच्या चोखोबांकडे पाहताना, दक्षिणेतील काही चर्चमध्ये व दफनभूमींतही जातीच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, हे आपण विसरू नये. देवाच्या प्रेमात वाटेकरी होऊन शेजाऱ्याला वाटा नाकारणारा, मग तो कोणत्याही धर्माचा असो, भक्त या नावास पात्र ठरत नाही.