निरमाचं पाकीट वाचताना

निरमाच्या पाकिटावर मजकूर थोडाच आहे, पण धंद्याची ओळख कशी ठरवावी याचा इतका नेमका धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

करसनभाई पटेल गुजरात सरकारच्या भूविज्ञान व खनिकर्म खात्यात नोकरीला होते. शिक्षण रसायनशास्त्राचं. 1969 साली अहमदाबादेत घराच्या परसात ते धुण्याची पावडर हातानं कालवू लागले आणि कामावर जाता-येता सायकलवरून दारोदार विकू लागले. नोकरी चालूच होती. म्हणजे हा अस्सल जोडधंदा. तेव्हा बाजारात सर्फचं राज्य होतं, भाव किलोला 13 रुपयांच्या आसपास. यांची पावडर मिळायची तीन-साडेतीन रुपयांना.

माझ्या लेखी या पाकिटावरचा पहिला शब्द हा भावच आहे. हीच पावडर दहा रुपयांना विकली असती, तर सर्फ घेणाऱ्यांपैकी काही जण तिकडे वळले असते, एवढंच. तीन रुपयांनी गिऱ्हाईकच बदललं. साबणाची वडी घासून धुणं धुणारी, पावडरच्या वाटेला कधी न गेलेली गृहिणी समोर आली. माल कोणासाठी, हे सायकलवर मावेल एवढाच माल असतानाच ठरलं होतं.

मग रंग. सर्फ निळी, ही पिवळी. एकीला दुसरी समजण्याची सोयच नाही.

आणि पाकिटात काय नाही, तेही वाचावं. सुगंध नाही, कपड्याला झळाळी आणणारं द्रव्य नाही, हात मऊ ठेवणारं काही नाही. मुख्य भर सोड्यावर, त्यामुळे पावडर हाताला झोंबायची. हा दोष होताच, तो झाकायचं कारण नाही. पण गाळलेल्या प्रत्येक जिनसाचे पैसे गिऱ्हाइकाच्या पदरात राहिले, आणि करसनभाई ‘आता थोडा वास घालू’ या मोहात पडले नाहीत.

खरी बहार चित्रात आहे. निरुपमा या आपल्या मुलीच्या नावावरून त्यांनी निरमा हे नाव घेतलं, आणि पाकिटावर पांढऱ्या फ्रॉकात गिरकी घेणारी मुलगी आली. या चित्रात बादली नाही, मळका कपडा नाही, घासणारे हात नाहीत. धुण्याचे कष्ट संपल्यानंतरचा आनंद तेवढा आहे. स्वस्ताईचा तर मागमूसही नाही. पैसे कमी आहेत हे भाव सांगतो, पण आमची लेकही अशीच शुभ्र दिसेल हे चित्र सांगतं. गरिबाला माल विकताना त्याच्या गरिबीवर बोट न ठेवण्याची ही जाण मला फार मोठी वाटते.

सुमारे तीन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. पुढे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरच्या जाहिरातीनं हे नाव महाराष्ट्रातही घरोघरी पोचलं. त्या जाहिरातीतही तीच गिरकी आणि तोच शुभ्रपणा होता. ओळख नव्यानं घडवावी लागली नाही. सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्थान लीव्हरला या पावडरीच्या तोडीला व्हील ही पावडर आणावी लागली.

नाव कुठे वापरायचं, याचंही भान या घरानं बहुतेक वेळा राखलं. 2016 साली त्यांनी लाफार्जचा भारतातला सिमेंट व्यवसाय घेतला, पण त्या कंपनीचं नाव ठेवलं नुवोको. मिठाच्या पाकिटावर मात्र निरमा आलं, ते मला खटकतं. धुण्याशी इतकं घट्ट जोडलेलं नाव ताटात नको होतं.

मसाले, शिवण, शिकवण्या, जो काही जोडधंदा तुम्ही वाढवायच्या बेतात असाल, कर्जाचा अर्ज भरण्याआधी वाण्याकडून निरमाचं एक पाकीट आणा. ते समोर ठेवा आणि आपल्या मालात काय घालायचं नाही, याची यादी आधी लिहून काढा.