बालनायकाचे वय

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात आला, तो तरुण होऊन. पुस्तकांतील बनेश फेणे हा मूळ फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, सायकलवर भिरभिरणारा शाळकरी मुलगा. चित्रपटातील बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला. अमेय वाघ यांनी ही भूमिका चोख वठविली, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु मोठ्यांच्या नजरेतून निसटलेले एका मुलाला दिसते, यातच या कथांचा प्राण होता. नायक तरुण केला की धाडस उरते, ही मौज उरत नाही.

फिनलंडमध्ये सिनिका व तीना नोपोला या भगिनींच्या पुस्तकांवरून २००८ पासून ‘रिस्तो रॅप्पॅया’ ही संगीतप्रधान, विनोदी बालचित्रपटांची मालिका निघाली. तेथे बालनट बदलले. रिस्तो मुलगाच राहिला. आपल्याकडे वृत्तपत्रीय चित्रमालिकेवरून श्रीरंग गोडबोले यांनी काढलेल्या ‘चिंटू’नेही (२०१२) हेच पथ्य पाळले.

फेणे वाचून मोठ्या झालेल्या पिढीच्या आठवणींची सोय झाली. आजच्या मुलाचा सवंगडी मात्र हरपला. रूपांतरकाराने प्रसंग बदलावेत, गाणी घालावीत. बालनायकाचे बालपण तेवढे राखावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.