सभासदाची बखर आणि चोरपावलांचा खेळ

कृष्णाजी अनंत सभासद याने शिवछत्रपतींची बखर १६९७च्या सुमारास जिंजीच्या किल्ल्यात, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. आपल्या या चेन्नईपासून काही तासांच्या वाटेवरील तो किल्ला तेव्हा मोगलांच्या वेढ्यात होता. शत्रूच्या डोळ्यांदेखत निसटण्याचे मोल वेढ्यात बसलेल्या लेखकाइतके कोणास कळणार? म्हणूनच बखरीतील दोन प्रसंग एका अगदी निराळ्या वस्तूशेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

ती वस्तू म्हणजे १९७४ साली अमेरिकेत निघालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ. मेजाभोवती बसून एकाने सूत्रधार व्हावे, इतरांनी एकेका पात्राची भूमिका घ्यावी आणि बोलत बोलत कथा रचावी, असे त्याचे स्वरूप. त्याच्या २०१४च्या नियमांत चोरपावलांचे शास्त्र नेटके मांडले आहे. लपणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपले कौशल्य मिळवावे. ती बेरीज पहारेकऱ्याच्या सावधपणाच्या अंकास पुरली, तर तो निभावला. जो स्पष्ट दिसतो त्यास लपता येत नाही. प्रवासात चाल संथ ठेवली, तरच दडून जाता येते. जमाव असल्यास निम्म्यांना साधले की सर्वांना साधले. हा शेवटचा नियम विशेष मार्मिक होय. जाणत्याने अजाणत्यास सांभाळून न्यावे, हेच त्यात अंकांनी सांगितले आहे.

परंतु सभासदाकडे वळताच या हिशेबाची मर्यादा ध्यानात येते. १६६३ साली शायिस्तेखानावर छापा घालण्यास निघालेले लोक छावणीतून लपत गेलेच नाहीत. कोणी हटकले असता, आपण लष्करातलेच, चौकीस गेलो होतो, असे सांगत ते उघडपणे चालत राहिले. खेळातही थाप मारण्याचे कौशल्य आहे. पण त्याचा फासा वेगळा टाकावा लागतो. सभासदाच्या कथनात ही फारकत नाही. तेथे दिसणे हेच लपणे होते.

१६६६च्या आग्र्याच्या प्रसंगातील मिठाईचे पेटारे सर्वांच्या तोंडी आहेत. सभासद मात्र हिरोजी फर्जंदास विसरत नाही. महाराजांच्या जागी पांघरूण घेऊन निजलेला हिरोजी हाच त्या पलायनाचा खरा आधार होता. खेळाचे नियम जाणाऱ्याची चाल मोजतात; मागे राहून त्यास अवधी मिळवून देणाऱ्याची निश्चलता मोजणारे कोष्टक त्यांत नाही.

तथापि बखरही येथे उणी पडते. हिरोजी काय करीत होता हे ती सांगते. त्या शय्येवर त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याविषयी ती मौन बाळगते. बखरकारास प्रयोजन होते ते धन्याच्या यशाचे. पुढे १६९८च्या आरंभी जिंजी पडली, तेव्हा राजाराममहाराज आधीच निसटले होते आणि त्यांच्या कुटुंबातील माणसे किल्ल्यातच राहिली होती. मागे राहणाऱ्यांचा प्रश्न असा सभासदाच्या अगदी दाराशी होता.

बखरीने मोकळी सोडलेली ही जागा भरण्याचे सामर्थ्य खेळात आहे, हे मान्य केले पाहिजे. मेजाभोवती आग्र्याचा प्रसंग मांडला, तर कोणास तरी हिरोजी व्हावेच लागेल आणि दाराशी पाऊल वाजताच आपण काय करू, हे त्यास स्वतःच्या तोंडाने सांगावे लागेल.