जॉन्सनच्या छायाचित्रांतील जोड

एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे समाजजीवन अभ्यासू पाहणाऱ्यास विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराचे संग्रह टाळता येत नाहीत. पगडीचा घाट, लुगड्याची नेस, अलंकारांचे प्रकार यांविषयी त्यातील चित्रे पुराव्यादाखल दिली जातात, आणि ते बव्हंशी योग्यही आहे. परंतु बंदराच्या शहरात ज्याने आपला व्यवसाय केला, त्याच्या चित्रांत बंदर आणि माणूस यांचे नाते कोणते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः त्या चित्रांचे पुरावा म्हणून जे मोल ठरावयाचे, ते या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

जॉन्सन १८४८ च्या सुमारास मुंबईत आला आणि पुढे चार-पाच वर्षांत त्याने दागेरोटाइप पद्धतीची चित्रे काढण्याचा व्यवसाय मांडला. १८५४ मध्ये बाँबे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत तो होता. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचाही या संस्थेशी निकटचा संबंध होता. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यवसायी त्यातून तयार झाला. डिसेंबर १८५६ ते ऑक्टोबर १८५८ या काळात जॉन्सनने विल्यम हेंडरसन याच्या साहाय्याने छायाचित्रांचे एक मासिक चालविले. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये ‘दि ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बाँबे’ हा त्याचा ग्रंथ लंडनमध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पहिल्या खंडात गुजरात, कच्छ आणि काठेवाड, तर दुसऱ्यात महाराष्ट्र, अशी त्याची विभागणी आहे.

या वाटचालीत तंत्र बदलले आणि तंत्राबरोबर चित्राचा स्वभावही बदलला. दागेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरील एकमेव चित्र. जे क्षणी समोर होते, तेच त्यावर उमटे. १८५१ मध्ये निघालेल्या कलोडियनच्या ओल्या काचेने हे बंधन सुटले. काचेवरील उलट्या चित्रावरून कितीही प्रती काढता येऊ लागल्या आणि दोन काचांवरील दृश्ये एका कागदावर आणणेही शक्य झाले. जॉन्सनने ग्रंथातील चित्रांत हाच मार्ग पत्करला. माणसे निराळ्या ठिकाणी बसवून टिपली, आणि मागून ती बाहेरच्या दृश्यांवर जोडली.

या जोडीला केवळ लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. ओल्या काचेला प्रकाश देण्यास काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात लाटेवर डुलणारे गलबत पुसट होऊन जाई. काच वाळण्यापूर्वी धुवावी लागे, म्हणून अंधारखोलीही बरोबर बाळगावी लागे. शिवाय इंग्लंडमध्ये रेलँडर आणि रॉबिन्सन यांनी १८५७-५८ मध्ये अनेक काचांपासून सिद्ध केलेली चित्रे कलाकृती म्हणून पुढे मांडली होती. तथापि त्या कलाकृती मानवजातींचा परिचय करून देण्याचा दावा करीत नव्हत्या. जॉन्सनचा ग्रंथ तो करतो. म्हणून त्याच्या जोडीचा हिशेब निराळा मांडावा लागतो.

ग्रंथाच्या नावातच ‘व्हिजिटर्स’, म्हणजे मुंबईत येणारे-जाणारे लोक, असा शब्द आहे. हे लोक कोणत्या वाटेने येत? महाड आणि पोलादपूर हा टापू या प्रश्नाचे एक उत्तर आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर आणि महाड या गावांवरून बाणकोटच्या खाडीत उतरते. भरतीच्या पाण्यावर गलबते महाडपर्यंत चढत. मोठ्या जहाजांना खाली दासगावाशी थांबावे लागे. तेथून पाठाळ बैलांवरून मीठ पोलादपूरमार्गे पार घाटाने देशावर जाई आणि घाटावरचा माल त्याच वाटेने खाली येई. १८७६ मध्ये फिट्झजेराल्ड घाट बांधून झाल्यावर गाड्यांचा रस्ता मिळाला. समुद्रापासून इतक्या आत असूनही महाड बंदर होते, ते या देवघेवीमुळे. तेथील तांडेल, हमाल, वाणी आणि बैलवाला यांची ओळख परस्परांच्या कामाने ठरे.

भाषेतही हेच दिसते. ‘घाटी’ हा किनाऱ्यावरचा शब्द घाट उतरून आलेल्या माणसास लागतो. तोच माणूस आपल्या गावी घाटी नसतो. घाट चढून गेलेला किनाऱ्याचा मनुष्य वर ‘कोकण्या’ होतो. पोलादपूरसारख्या पायथ्याच्या गावी ही दोन्ही नावे एकाच बाजारात वावरतात. अशी नावे संबंधवाचक असतात, जातिवाचक नव्हेत. जॉन्सनची चित्रे मात्र प्रत्येक समूहाला एक नाव आणि एक आकृती देऊन मोकळी होतात. पाठीमागे किनारा असो वा इमारत, आकृतीचे तिच्याशी काही देणेघेणे नसते. येणारा माणूस दिसतो. त्याचे येणे दिसत नाही.

येथे एक समकालीन तुलना उद्बोधक ठरते. जॉन्सनचे मासिक चालू असतानाच, १८५७ मध्ये, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली. मराठी भाषेविषयीची तिच्यातील टिपणे डॉ. जॉन विल्सन यांची, आणि जॉन्सनच्या ग्रंथातील मजकुरालाही विल्सन यांच्याच अभ्यासाचा आधार आहे. कोशकारही शब्द वाक्यातून सुटा करतो. परंतु तो त्याचे प्रयोग देतो, आणि शब्द कोकणातला असेल तर तशी खूण करतो. शब्द मुळात कोठला, हे वाचकाला कळते. जॉन्सनच्या पानावर अशी खूण नाही; उलट जोड दिसू नये, हेच तेथे कौशल्य ठरले आहे.

तेव्हा या संग्रहांचा उपयोग करताना विवेक राखला पाहिजे. वस्त्र, अलंकार आणि चेहरा यांविषयी जॉन्सनची साक्ष ग्राह्य आहे. स्थळ, व्यवसाय आणि समूहांचे परस्परसंबंध यांविषयी ती दुसऱ्या आधाराशिवाय घेऊ नये. तो आधार बंदरांच्या हिशेबांत, घाटवाटांच्या इतिहासात आणि लोकांच्या बोलण्यात शोधावा लागतो. कोकणाच्या अभ्यासकाने चित्रातील माणसाला प्रथम त्याच्या वाटेवर परत नेऊन उभे केले पाहिजे. त्यानंतरच तो कोण, हे सांगण्याचा अधिकार त्या चित्राला देता येईल.