'दात्' : एका उसन्या शब्दाचे व्याकरण

एखादा शब्द परका कोणत्या अर्थाने, हा प्रश्न बहुधा व्युत्पत्तिकोशाकडे सोपविला जातो. पण कोश शब्दाचे मूळ सांगतो; तो शब्द घरचा झाला की नाही, हे व्याकरणावरून ठरते. बायबलच्या अरामी भागातील 'दात्' हा शब्द या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

प्राचीन फारशीत 'दात' म्हणजे घालून दिलेला नियम. संस्कृत 'धा' धातूचा इराणी प्रतिरूप 'दा' हे त्याचे मूळ. पहिल्या दारयवहूच्या (इ. स. पू. 522–486) नक्श-ए-रुस्तम येथील शिलालेखात राजाचा कायदा या अर्थी तो येतो. हखामनी साम्राज्याचे दप्तर अरामीत चाले. त्यामुळे राज्यकर्त्यांची संज्ञा लेखनिकांच्या भाषेत शिरणे स्वाभाविकच होते.

मूळ फारशी शब्द नपुंसकलिंगी. अरामीत ते लिंग नाही. दानीएलच्या दुसऱ्या अध्यायात या शब्दाचे क्रियापद स्त्रीलिंगी येते. अंत्य 'त्' हा फारशी शब्दाचा मूळचा भाग. परंतु अरामीत 'त्' हे स्त्रीलिंगाचे चिन्ह असल्याने कानाने त्याची गणना त्या वर्गात केली असावी. निश्चितार्थी रूप 'दाता' हे सरळ अरामी नियमानेच होते. एज्राच्या सातव्या अध्यायातील अनेकवचन 'दाते' मात्र पुल्लिंगी वळणाचे आहे. ही विसंगती परकेपणाची खूण मानण्याचा मोह होईल. परंतु अरामीतील अस्सल 'मिल्ला', म्हणजे शब्द, याचे अनेकवचनही 'मिल्लीन' असे पुल्लिंगी वळणाचेच होते. तेव्हा अपवादातही हा पाहुणा घरच्यांच्याच रीतीने वागतो. न्यायाधिकाऱ्याचा वाचक 'दातबर' हा समासही अरामीने अखंड उचलला आणि त्याला स्वतःचा बहुवचन-प्रत्यय जोडला.

याचे महत्त्व एज्राच्या त्याच अध्यायातील राजपत्रात दिसते. तेथे ईश्वराचा नियम आणि राजाचा नियम या दोहोंसाठी हाच शब्द, त्याच रचनेत, शेजारी शेजारी ठेवलेला आहे. धर्मशास्त्राला जेत्याची संज्ञा मिळाली म्हणजे भाषेने मान तुकविली, असे कोणी म्हणेल. व्याकरण या मताला दुजोरा देत नाही. तथापि शब्द पूर्णपणे रुळला म्हणून त्यावरील राजमुद्रा पुसली गेली, असेही नव्हे. पत्रातील दोन्ही नियमांच्या उल्लंघनास शिक्षा एकच सांगितली आहे. व्याकरणाने आपलासा केलेला शब्द अर्थाने जुन्या धन्याची आठवण ठेवू शकतो. ही दोन सत्ये वेगळी ठेवणे हे समीक्षेचे काम होय. हिब्रूत गेलेला हाच शब्द आज 'धर्म' या अर्थी वापरला जातो, एवढे त्याचे अंतर कालांतराने वाढले.

मराठी वाचकाला याचा पडताळा दूर शोधावा लागत नाही. प्राचीन फारशीतील त्याच शब्दापासून पुढील फारशीत 'दाद', म्हणजे न्याय, हा शब्द झाला आणि तो मराठीत आला. फारशीला लिंगभेद नाही. मराठीने त्याला स्त्रीलिंग दिले. 'दाद लागली' म्हणताना कोणालाही परक्या भाषेची जाणीव होत नाही. तरी दाद मागणारा आजही कोणाच्या तरी दारात उभा असतो.